लिनिअर म्हणजे समीकरण सोडवणं नव्हे हो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला एन्क्रिप्शनवरचा लेख आवडला, पण त्यात लिनिअर क्रिप्टॅनॅलिसिस (एन्क्रिप्शन फोडण्याची एक पद्धत) दोन वाक्यांत गुंडाळलंय आणि ती दोन्ही वाक्यं चुकलीत म्हणून हे पत्र. "सायफरची रेषीय समीकरणं मांडून ती सोडवली की की हाती लागते" असं छापलंय (सायफर म्हणजे मजकूर गुप्त करण्याची रीत आणि की म्हणजे तिची गुप्त किल्ली). तसं असतं तर बीजगणित येणाऱ्या कुणीही एका दुपारीत काम उरकलं असतं ना! ब्लॉक सायफरमध्ये, म्हणजे मजकुराचे ठरावीक लांबीचे तुकडे एन्क्रिप्ट करणाऱ्या सायफरमध्ये, एस-बॉक्स नावाचे छोटे तक्ते घातलेले असतात ते नेमके याचसाठी, की असलं सरळ समीकरण कुठे बसूच नये.

मग लिनिअर काय आहे? तर खोटं समीकरण, पण निम्म्यापेक्षा थोडं जास्त वेळा खरं ठरणारं. मूळ मजकुराचे काही बिट (0 किंवा 1) घ्यायचे, सायफरटेक्स्टचे, म्हणजे एन्क्रिप्ट झालेल्या मजकुराचे, काही घ्यायचे, त्यात 1 किती आहेत ते सम की विषम एवढंच बघायचं आणि त्यावरून कीच्या काही बिटांची बेरीज सम की विषम याचा अंदाज बांधायचा. सायफर आदर्श असेल तर हा अंदाज बरोबर पन्नास टक्के वेळा जुळेल, म्हणजे उपयोग शून्य. पण डेस या जुन्या, गाजलेल्या ब्लॉक सायफरच्या पाचव्या एस-बॉक्समध्ये आत जाणारा एक ठरावीक बिट आणि बाहेर येणाऱ्या चारही बिटांची अशी बेरीज या शक्य त्या 64 इनपुटांपैकी 32 वेळा जुळायला हव्या होत्या, त्या जुळतात फक्त 12 वेळा. आता कुणी म्हणेल 12 तर कमी झाले की, पण जो माणूस बहुतेक वेळा चुकतो त्याचं उलटं धरलं की झालं, हल्ला करणाऱ्याला दोन्ही सारखंच.

खरी गंमत पुढे आहे. एक राउंड असा अंदाजाने पार केला तरी डेसला राउंड, म्हणजे त्याच प्रक्रियेच्या फेऱ्या, 16, मग हे अंदाज एकाला एक जोडत न्यायचे. 75 टक्के बरोबर असलेले दोन अंदाज जोडले की उरतात साडेबासष्ट टक्के, आणि तेही दोन्ही चुकले तर उत्तर पुन्हा बरोबर येतं म्हणून इतके तरी, असं करत करत शेवटी पन्नासच्या अगदी केसभर इकडेतिकडे येऊन थांबतं. तो केसभर फरक दिसायला नमुने प्रचंड लागतात, फरक निम्मा झाला तर नमुने चौपट. मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या मित्सुरु मात्सुई यांनी 1993 मध्ये डेसवरची ही पद्धत मांडली आणि 1994 मध्ये स्वतः करून दाखवली. 12 वर्कस्टेशन, 50 दिवस, आणि एकाच कीने एन्क्रिप्ट झालेल्या मजकूर-सायफरटेक्स्टच्या 2 चा 43 वा घात इतक्या जोड्या, म्हणजे जवळजवळ 8.8 लाख कोटी. त्या 50 पैकी 40 दिवस नुसत्या जोड्या तयार करण्यातच गेले! कीचे 26 बिट मतमोजणीसारखे मोजून मिळाले आणि उरलेले 30 सरळ एकेक करून तपासून.

आता लेखातलं दुसरं वाक्य, "याच हल्ल्यामुळे डेस संपलं". नाही हो. एका कीवरच्या 8.8 लाख कोटी जोड्या, त्याही मूळ मजकुरासकट, चोराला कोण देणार? डेस संपलं ते 56 बिटांच्या आखूड कीमुळे, 1998 मध्ये एका खास मशीनने सगळ्या की चाळत 56 तासांत योग्य ती शोधली, त्यात गणिताची हुशारी फारशी लागली नाही. म्हणून मात्सुईंचं काम नुसतं कागदी होतं असंही नाही बरं का. डेस बनवणाऱ्या आयबीएमच्या टीमला डिफरन्शिअल हल्ला (मूळ मजकुरात थोडा बदल केला की सायफरटेक्स्ट कसं बदलतं यावरून की शोधायची पद्धत) 1974 मध्येच ठाऊक होता आणि एस-बॉक्स त्या हिशोबाने बेतलेले होते, लिनिअरसाठी मात्र तशी तजवीज नव्हती. डेसनंतर आलेल्या एईएस या सायफरमध्ये ती पहिल्यापासून आहे, चार राउंडमध्ये अंदाजाची साखळी कशीही ओढा, किमान 25 एस-बॉक्स वाटेत येतातच, आणि तेवढ्यातून गेल्यावर जो काही फरक उरतो तो पकडायला जितके नमुने लागतील तितके 128 बिटांचे वेगळे ब्लॉक अस्तित्वातच नाहीत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे आणि लेखात नेमकी तीच नाही.

चूक-दुरुस्तीच्या चौकटीत जागा कमी असते हे माहितीय, त्यामुळे पहिल्या वाक्यातलं "सोडवली" काढून "मोजली" केलंत तरी माझं समाधान होईल.

आपला,
एक नेहमीचा वाचक