देवपुरात खायला मिळतं, फक्त सांगून ठेवावं लागतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘देवपुरात संध्याकाळी खायला काही मिळत नाही, पूल ओलांडून गावात नाहीतर थेट हायवेच्या ढाब्यावर जावं लागतं, तेव्हा आमच्याकडेही एक खाऊगल्ली करा’ अशी मागणी करणारं एका वाचकाचं पत्र आपण छापलंत. पत्र तळमळीने लिहिलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण धुळ्यात पांझरा नदीच्या या काठावर निम्मं आयुष्य गेलेल्या माणसाला ते वाचून गप्प बसवेना.

देवपूर म्हणजे कॉलन्या, कॉलेजं आणि पेन्शनर. वाडीभोकर रोड सोडून आत वळलं की भर दुपारी चिटपाखरू दिसत नाही. पाटी, दिवे आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या शोधत फिरणाऱ्याला इथे काही सापडणार नाही, हे कबूल. पण संध्याकाळी साडेसहानंतर त्याच गल्ल्यांमधून पायी जाऊन पाहावं. कुठल्यातरी ओट्यावरून भाकरी थापल्याचा आवाज येतो. शेगडीवर तवा, बाजूला परातीत पीठ, आणि आपण फाटकाशी थबकलो की मान वर न करताच प्रश्न येतो, “भाऊ, कितल्या जोयजेत?” (किती हव्यात?) ज्वारीची, बाजरीची आणि थंडीत कळण्याची. ज्वारीबरोबर सालासकट उडीद दळलेली ही भाकरी तव्यावरून उतरल्या उतरल्या खायची. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यावर कच्चं शेंगदाणा तेल आणि बुक्कीने फोडलेला कांदा. ज्यांची मुलं पुण्या-नाशकाला आहेत अशी किती म्हातारी जोडपी या भाकरीवर रात्रीचं जेवण भागवतात, ते त्या बायकांनाच विचारा. साक्री, शिंदखेडा, शिरपूरकडून शिकायला आलेली खोलीवरची पोरं तर रोजचीच गिऱ्हाइकं.

शेवभाजीचंही तसंच. आपल्या पुरवणीत खान्देशी जेवण म्हटलं की ढाब्यावरची शेवभाजी आणि तिच्यावरचा लालभडक तेलाचा तवंग, एवढाच फोटो येतो. कॉलनीतली शेवभाजी दोन डब्यांत येते. एका डब्यात कांदा-खोबरं करपेस्तोवर भाजून वाटलेल्या मसाल्याचा काळा रस्सा आणि दुसऱ्यात जाड, तिखट शेव. रस्सा घरी उकळायचा आणि शेव पानात वाढताना टाकायची. आधी टाकली की तिचा लगदा होतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काही घरं नुसतं वाटणच विकतात. घरी त्याच वाटणाच्या रश्श्यात बेसनाच्या पातोड्या (वड्या) सोडा नाहीतर डुबुकवडे (बेसनाचे गोळे), चव उतरतेच. (हॉटेलवाले रस्सा घट्ट करायला काय काय घालतात, हा विषय पुन्हा कधीतरी.)

आता वरण-बट्टी. गव्हाचं जाडसर पीठ, त्यात थोडा मका, ओवा, जिरं आणि तेलाचं मोहन. मळून वळकटी करायची, ती वाफवायची, गार झाली की कापायची आणि मग तळायची. वर तुरीचं वरण, तुपाची धार आणि वांग्याची घोटलेली भाजी. यात पाच मिनिटांत होण्यासारखं काहीच नाही. म्हणूनच देवपुरात बट्टी आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते आणि सांगितली की मिळते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे मांड्यांचे दिवस तर बघण्यासारखे. मागच्या गल्लीत एका परसात तीन दगडांच्या चुलीवर खापर (मातीचं भांडं) पालथं घातलेलं असतं. वस्त्रगाळ पिठाची कणीक इतकी सैल मळलेली असते की नवख्याच्या हातून ती घरंगळून जाईल. दोन पुऱ्यांमध्ये पुरण भरून कडा दाबतात. मग तो गोळा दोन्ही हातांवर, पंज्यांपासून कोपरापर्यंत खेळवत वाढवत नेतात आणि एका झटक्यात खापरावर टाकतात. कुठे चीर नाही की पुरण बाहेर नाही. हातभर रुंदीचा मांडा उतरला की गरम आहे तोवरच त्याची घडी घालायची, गार झाला तर मोडतो. सोबत आमरस. ही कला येणारे हात आता कमी होत चाललेत. जे आहेत ते बहुतेक साठीपुढचे, आणि त्यांना पुढच्या पिढीतून मदतनीस मिळत नाही. मला विचाराल तर काळजी करायची ती याची.

भरिताबद्दल वेगळं सांगायला नको. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चंपाषष्ठी झाली, खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला, की आमच्याकडेही ती हिरवी, पांढऱ्या रेघांची, कमी बियांची वांगी दिसायला लागतात. कपाशीच्या काट्यांच्या (वाळक्या काड्यांच्या) जाळावर भाजून, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचून, वर शेंगदाणे, लसूण-मिरची आणि कांद्याची पात घातलेलं भरीत गॅसवर होत नाही. ते करायला मोकळं अंगण लागतं आणि धूर सोसणारे शेजारी लागतात.

माझा मुद्दा इथेच येतो. यातलं काय खाऊगल्लीत चालेल? खापर मांडायला जागा कुठून येणार, काट्या कुठे पेटवणार, आणि तासभर आधी वाफवलेली बट्टी तळून होईस्तोवर गिऱ्हाईक उभं राहील का? गाळा घ्यायचा म्हणजे अनामत आली, भाडं आलं, रात्री अकरापर्यंत उभं राहणं आलं. घरची सांजवात, सासूची औषधं आणि पोरांचा अभ्यास सांभाळून दोन-अडीच तास शेगडीजवळ बसणारी बाई हे करू शकणार नाही. मग गाळे कोण घेणार? पावभाजी, मंच्युरियन आणि मोमोज. त्यांच्याशी माझं वैर नाही, नातवंडांबरोबर मीही खातो. पण ते गावात कुठेही मिळतं. त्याच्या उजेडात आणि गोंगाटात ओट्यावरच्या शेगड्या विझल्या तर त्या पुन्हा पेटायच्या नाहीत. रस्ताभर आडव्यातिडव्या गाड्या आणि बारापर्यंत हॉर्न, हे दुखणं पुन्हा वेगळंच.

दुसरी बाजूही आहे, ती मी नाकारत नाही. नवीन राहायला आलेल्याला हे सगळं कळणार कसं? इथे कुणीतरी ‘आमच्या वहिनींना सांगतो’ म्हटल्याशिवाय डबा मिळत नाही, हे खरं. स्वच्छतेचा प्रश्नही रास्त आहे. पाणी कुठलं, तेल कितव्यांदा वापरलेलं, हे विचारायचा खाणाऱ्याला हक्क आहे. पण त्याला खाऊगल्ली कशाला हवी? अन्नसुरक्षेचे २०११ चे नियम आले तेव्हाच छोट्या खाद्यव्यावसायिकांसाठी साध्या नोंदणीची सोय झाली आणि तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवलं गेलं. परसातून डबे देणाऱ्या किती बायकांना हे कुणी समजावून सांगितलं? माझ्या ओळखीतल्या बहुतेकजणींना ‘लायसन’ या शब्दाचीच धास्ती वाटते. कुणीतरी येईल, दंड करील आणि शेगडी उचलून नेईल, अशी. एकवीरा देवीच्या मंदिराजवळ नाहीतर दत्तमंदिर चौकात एखाद्या रविवारी नोंदणीचं शिबिर लावावं, फॉर्म तिथेच भरून घ्यावेत, पाण्याची तपासणीही तिथेच सांगावी. खाऊगल्लीच्या फरशा आणि दिवे यांच्या मानाने याला खर्च तो किती!

गाड्यांवर विकणाऱ्यांसाठी तर २०१४ चा पथविक्रेता कायदाच आहे. त्यात पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला असाव्यात, असं लिहिलेलं आहे. कुठे गाडी लागावी नि कुठे लागू नये हे त्या समितीत, त्यांच्या तोंडून ठरू द्या. पत्रांतून आपण ठरवायचं नाही, मीसुद्धा नाही.

आपल्याकडेही एक मागणं आहे. पुरवणीत ढाब्यांना मिळते तशी अर्धी जागा या घरांनाही मिळावी. पण पत्ता आणि फोन नंबर छापू नका. एका व्हिडिओनंतर एका घरासमोर रात्री दहाला मोटारसायकलींची रांग लागली होती. त्या माउलीने पुढे महिनाभर ओट्यावरचा दिवाच लावला नाही. काय मिळतं, कोणत्या ऋतूत, किती आधी सांगावं, एवढं छापलं तरी पुष्कळ. बाकीचं किराणा दुकानदार सांगतो.

आणि त्या पत्रलेखक महाशयांना एवढंच कळवावं, की बट्टी हवी असेल तर आदल्या दिवशी दुपारच्या आत सांगा, रश्श्याला कडीचा डबा घरून न्या आणि भाकरी साडेआठच्या आत घ्या. नंतर ताई शेगडी आत नेतात.

आपला,
एक नियमित वाचक
देवपूर, धुळे