चि. दादास, कॅसेटसोबत

चि. दादास,
अनेक आशीर्वाद.

सोबत एक पेनड्राइव्ह आहे आणि त्याच पाकिटात जुनी कॅसेटही घातली आहे. कॅसेट वाजवायला तुझ्या खोलीवर काही नसणार, तरी ती आता तुझ्याकडेच असू दे. मी सातवीत असताना माझ्या मामांनी ती मस्कतहून आणली होती. मिरजेच्या एका दुकानदाराने तिच्यावरचं सगळं पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. फीत दोन ठिकाणी चिकटवलेली आहे, तिथे क्षणभर आवाज बुडतो, पण बाकी स्वच्छ आहे.

गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालास, "आप्पा, यंदा गणपतीत मी येत नाही. माझ्यावाचून काही अडत नाही." मी "बरं" म्हणून फोन ठेवला. तुझ्या आईने विचारलं काय झालं, तर तिलाही नीट सांगता आलं नाही. मला फोनवर बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. साखर कारखान्यातल्या क्रेनच्या केबिनमध्ये आठ-आठ तास एकटा बसून बोलायची सवयच गेली. म्हणून लिहितोय.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळलंय. गेल्या वर्षी गणपतीतला आपला गाण्याचा कार्यक्रम संपल्यावर माइक माझ्या हातात होता. ढोलकीवाल्याचं नाव घेतलं, ऑक्टोपॅडवाल्याचं घेतलं, साउंडवाल्याचे आभार मानले. तुझ्या बहिणीला, चिऊला, मंडळाने शाल-श्रीफळ दिलं. आणि तुझ्यावर आलो तेव्हा मी म्हणालो, "घरची मंडळी तर तुम्ही ओळखताच." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू खाली वाकून कीबोर्डच्या वायरी गुंडाळत होतास. तू वर बघितलं नाहीस हे मी पाहिलं, आणि पाहूनही पुढच्या वाक्यावर गेलो. वर्षभर ते मला टोचतंय. तू नववीत असल्यापासून चिऊच्या मागे उभा आहेस. तिचा स्वर चढला की तू पट्टी बदलतोस, ती ओळ विसरली की तू आधीची ओळ पुन्हा वाजवून तिला वाट दाखवतोस. आणि मी तुझं नाव घेतलं नाही, कारण तू घरचा. ही चूक माझी आहे, दादा. तिला दुसरं नाव नाही.

आता या कॅसेटबद्दल.

हा 'द जॅक्सन्स' या भावंडांचा लाइव्ह अल्बम. १९८१ च्या उन्हाळ्यात त्यांनी अमेरिकाभर दौरा केला, त्याला 'ट्रायम्फ टूर' म्हणतात. बफेलो, प्रॉव्हिडन्स, अटलांटा, न्यूयॉर्क अशा ठिकाणच्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण जोडून त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दोन तबकड्यांचा हा संच निघाला. मंचावर पाच भाऊ: जॅकी, टिटो, मार्लन, मायकेल आणि रॅंडी. नाव घेतलं की सगळ्यांना एकच आठवतो. मलाही कित्येक वर्षं एकच ऐकू यायचा. मायकेल तेव्हा बावीस वर्षांचा होता, तुझ्यापेक्षा लहान. 'ऑफ द वॉल' हा त्याचा एकट्याचा अल्बम निघून दोन वर्षं झाली होती, म्हणजे एकट्याच्या नावावर तो भावांच्या पुढे निघून गेला होता. 'थ्रिलर' यायला अजून एक वर्ष होतं. या दौऱ्यात तो भावांसोबत उभा आहे, पण लोक त्याच्यासाठी आलेत हे पाचही जणांना माहीत आहे. ध्वनिमुद्रणात त्या किंकाळ्या ऐकू येतात ना, त्या कोणासाठी आहेत ते लपत नाही.

लहानपणी मी ही कॅसेट त्याच्यासाठी ऐकायचो. या वर्षी गळीत हंगाम संपल्यावर पुन्हा ऐकली ती बाकीच्या चौघांसाठी. अगदी ठरवून. तू तसंच ऐकावंस असं मला वाटतं.

सुरुवातीचं गाणं 'कॅन यू फील इट'. ते मायकेलने आणि जॅकीने मिळून लिहिलंय. जॅकी सगळ्यांत थोरला, तीस वर्षांचा. शेवटचं गाणं 'शेक युअर बॉडी', ते मायकेलने रॅंडीबरोबर लिहिलं, आणि रॅंडी त्या पाचांत धाकटा, तेव्हा एकोणीस वर्षांचा. म्हणजे कार्यक्रमाचं दार उघडतो तो थोरला भाऊ आणि लावून घेतो तो धाकटा. मधलं 'लव्हली वन' सुद्धा रॅंडी आणि मायकेलचं. हे मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं. कॅसेटच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं.

या रॅंडीचं आणखी एक सांगतो. आदल्या वर्षी, १९८० मध्ये, मोटारीच्या अपघातात त्याचे पाय फार वाईट जखमी झाले होते. वर्ष-दीड वर्षात हा मुलगा दौऱ्यावर उभा आहे. शेवटचं गाणं ऐकताना हे लक्षात ठेव. ते आठ मिनिटांहून लांब आहे. त्यात ठेका एकदाही ढिला पडत नाही.

टिटो गिटार वाजवतो. त्याची गोष्ट तुला मी लहानपणी सांगितली होती, पण अर्धीच. ही माणसं इंडियाना राज्यातल्या गॅरी नावाच्या गावची, पोलादाच्या कारखान्यांचं गाव. वडील जो जॅक्सन कारखान्यात क्रेन चालवायचे. ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मला किती आनंद झाला होता, तुझ्या आईला विचार. गव्हाणीवर उसाच्या मोळ्या टाकताना मनात म्हणायचो, तोही क्रेनवाला आणि मीही क्रेनवाला. लहानशा घरात नऊ मुलं. वडिलांची गिटार कपाटात असायची, तिला हात लावायची बंदी. ते कामावर गेले की टिटो ती काढून वाजवायचा. एक दिवस तार तुटली. वडिलांनी आधी रागावून मग म्हटलं, वाजवून दाखव. आणि तिथून या भावांचा 'जॅक्सन फाइव्ह' हा पहिला गट उभा राहिला.

इथपर्यंत मी तुला सांगितलं होतं. पुढचं सांगायचं टाळलं. तो बाप मुलांना फार मारायचा. तालमीत चूक झाली की पट्टा. मायकेलने १९९३ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत सगळ्या जगासमोर सांगितलं की वडिलांना नुसतं बघूनही त्याला मळमळायचं. ते ऐकल्यापासून तो क्रेनवाला मला जवळचा वाटेनासा झाला. मी तुमच्यावर कधी हात उगारला नाही. पण रात्रपाळी करून आल्यावर पहाटे तुम्हा दोघांना उठवून तालमीला बसवायचो, आणि तुला काय वाजवायचंय हे एकदाही विचारलं नाही. तू दहावीत असताना तुला तबला सोडून गिटार शिकायची होती, मी म्हणालो, "गिटार नको, कीबोर्ड घे, चिऊच्या गाण्याला कीबोर्ड लागतो." ते वाक्य मला अजून शब्दन् शब्द आठवतं. तू "चालेल" म्हणालास. तू नेहमीच "चालेल" म्हणायचास.

आता मार्लनकडे ये. पेनड्राइव्हवर आठवं गाणं लाव, तिथे लहानपणीच्या तीन गाण्यांची जोडगाणी आहेत, 'आय वॉन्ट यू बॅक' पासून. ही गाणी १९७० च्या आसपासची. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने काढलेली त्यांची पहिली चार गाणी लागोपाठ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती. तेव्हा मायकेलच्या जोडीने पुढे उभा राहून गायचा तो आणखी एक भाऊ, जर्मेन. पण १९७५-७६ मध्ये भावंडांनी मोटाउन कंपनी सोडली आणि जर्मेन सोडू शकला नाही, कारण त्याची बायको कंपनीच्या मालकाची, बेरी गॉर्डीची मुलगी. 'जॅक्सन फाइव्ह' हे नावसुद्धा कंपनीकडेच राहिलं. म्हणून हे 'द जॅक्सन्स' झाले, आणि जर्मेनच्या जागी रॅंडी आला. तर या कार्यक्रमात ही जुनी गाणी गाताना एका भावाची जागा रिकामी आहे. ती उरलेल्यांनी भरलीय. ऐकणाऱ्याला खड्डा जाणवत नाही. मला मात्र आता तिथे दरवेळी कोणीतरी नाही असं वाटतं. तू यंदा आला नाहीस तर दुसऱ्या कोणाला तरी कीबोर्डवर बसवीन, कार्यक्रम होईल, लोक टाळ्याही वाजवतील. पण तू "काही अडत नाही" म्हणालास ते मला मान्य नाही.

जर्मेनवर कोणी राग धरू नये असंही मला वाटतं. त्याने त्याचं घर सांभाळलं. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविसाव्या वर्षाच्या कार्यक्रमात तो पुन्हा भावांबरोबर उभा राहून गायला. ज्याला बाजूला जावंसं वाटतं त्याला जाऊ द्यावं, हे मी त्या सगळ्यातून घेतलंय.

'शीज आउट ऑफ माय लाइफ' हे गाणं तुझ्यासाठी खास. त्यात भावांचं काम जवळजवळ नाहीच. मायकेलचा आवाज आणि खाली कीबोर्ड. दौऱ्यात कीबोर्डवर बिल वुल्फर नावाचा वादक होता. तो काय करतो ते ऐक. म्हणजे, तो काय करत नाही ते ऐक. गाणारा श्वास घेतो, अडतो, लोक ओरडतात, आणि हा माणूस त्या मोकळ्या जागेत एकही सूर टाकत नाही. थांबून राहतो. पुढचा शब्द आला की अलगद खाली हात देतो. हे मी आणखी एकाच माणसाला करताना ऐकलंय, आपल्याच घरात, चिऊ आजारातून उठून पहिल्यांदा गायला बसली होती त्या संध्याकाळी. ती दर ओळीला खोकत होती. तू अर्धा तास तिच्या श्वासावर वाजवत होतास. मी सोप्यात बसून ऐकत होतो आणि मला रडू येत होतं. ते मी तुला कधी सांगितलं नाही.

गिटारवर टिटोच्या सोबतीला डेव्हिड विल्यम्स होता. मायकेलच्या 'बिली जीन' मध्ये ती जी गिटार वाजते ती त्याची, आणि त्याच गाण्यात वुल्फरही आहे. सगळ्या जगाच्या कानांत हे लोक आहेत. त्यांची नावं कोणी विचारत नाही. म्हणून ही नावं मी या पत्रात मुद्दाम लिहितोय. ढोल म्हणजे ड्रम्सवर जोनाथन मॉफेट, बेसवर माइक मॅकिनी.

अटलांटाच्या कार्यक्रमाबद्दलही तुला सांगायचं होतं. त्या शहरात दोन वर्षं लहान काळ्या मुलांचे खून होत होते, आयाबाया पोरांना बाहेर सोडायला घाबरत होत्या. तिथला कार्यक्रम या भावांनी त्या मुलांसाठी केला आणि १ लाख डॉलर त्या शहरातल्या मुलांसाठीच्या निधीला दिले. ध्वनिमुद्रणात यातलं काही बोलून दाखवलेलं नाही. मला ते माहीत झाल्यापासून तिथला गर्दीचा आवाज वेगळा वाटतो.

१९९६ च्या नोव्हेंबरात मी मायकेलला प्रत्यक्ष पाहिलं, अंधेरीच्या मैदानात. तुझा जन्म व्हायचा होता. सांगलीहून रात्रीच्या एसटीने गेलो, महिन्याच्या पगाराएवढं तिकीट काढलं. खूप लांब होतो, तरी दिसला, ऐकला. परतताना काहीतरी कमी वाटत होतं. तेव्हा समजलं नाही. नाचणारे होते, वाजवणारे एकापेक्षा एक होते, पण कॅसेटवर त्याच्या ओळीखाली जे चार आवाज मला लहानपणापासून पाठ होते ते तिथे नव्हते. तो एकटा होता. आता तोही नाही, आणि २०२४ मध्ये टिटोही गेला.

चिऊने हे पत्र वाचलेलं नाही. पण तुझ्या फोनबद्दल तिला कळलंय. तिने दोन दिवस रियाज केला नाही. काल म्हणाली, "दादाला सांगा, त्याला गिटार वाजवायची असेल तर मी तशी गाणी बसवीन." मी तिला म्हटलं, तूच सांग. ती करेल फोन. तिच्याशी नीट बोल, तिचा यात काही दोष नाही.

यंदाचा कार्यक्रम पाचव्या दिवशी आहे, घरगुती गणपती विसर्जन झाल्यावर. तू यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. पुण्यात तुझी नोकरी आहे, मित्र आहेत, तिथे ज्यांच्याबरोबर वाजवतोस त्यांच्यासोबतचं रेकॉर्डिंग मला पाठवशील तर मी ऐकीन. आलास आणि प्रेक्षकांत बसलास तरी चालेल. मंचावर आलास तर काय वाजवायचं ते तू ठरव, आणि माइक माझ्या हातात असेल तेव्हा पहिलं नाव तुझं.

कीबोर्डची मधली सा अडकत होती, ती मी दुरुस्त करून आणलीय. गिटारचंही विचारून ठेवलंय, पण घेतली नाही. तुझ्यासोबत जाऊनच घ्यायची. आईने चिवडा दिलाय, पाकिटाबरोबरच्या पिशवीत आहे.

तुझा,
आप्पा