आदित्य मोडक यांचा संयत अभिनय

‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात आदित्य मोडक यांचा चेहरा ‘कोरा राहतो’ असा आक्षेप आहे. तो पटला नाही. मोडक मूळचे शास्त्रीय गायक. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांनी त्यांना भूमिका दिली ती अशा शरद नेरुळकरची, ज्याचे गाणे मेहनतीचे आहे, पण उमलत नाही. चांगल्या गवयाने असे बेताचे गाणे सच्चेपणाने गाऊन दाखवणे सोपे नाही. संगीत-संग्राहक शरदच्या गुरूंविषयी आणि त्या गुरूंच्याही गुरू असलेल्या माईंविषयी नको ते सांगत राहतो, तो प्रसंग पाहावा. मोडक बराच वेळ नुसते ऐकतात; मग एकदम त्याच्या तोंडावर पाणी फेकतात. आधीच्या शांततेविना ती कृती निव्वळ आक्रस्ताळी वाटली असती. शिवाय कॅमेरा बहुधा लांब आणि स्थिर असताना भुवया उडवून काय साधणार? व्हेनिस महोत्सवात 2020 मध्ये या चित्रपटाला पटकथेचा पुरस्कार मिळाला, हे योग्यच. मात्र त्या पटकथेतले न बोललेले सारे मोडक यांनी पेलले आहे, आणि आपल्या समीक्षकांनी (मालिकांची सवय थोडी बाजूला ठेवून) त्याची दखल घ्यायला हवी होती.

– एक वाचक, पुणे