मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमना जाहीर पत्र

मॅडम,
स. न. वि. वि.

रिपोर्टच्या तळाशी असलेली सही, एवढीच पेशंटच्या घरच्यांना लॅबची ओळख. तिच्यामागच्या माणसाचे आभार कुणी मानत नाही, म्हणून हे पत्र.

आईचं घरीच पोटाचं डायलिसिस चालू होतं. नळीवाटे पोटात औषधी पाणी सोडायचं आणि रक्तातली घाण घेऊन ते परत बाहेर काढायचं. एका सकाळी निघालेलं पाणी गढूळ दिसलं. एरवी पिशवीखाली पेपर धरला तर बातमी वाचता येते. त्या दिवशी मथळासुद्धा लागेना. पोटात कळा, अंगात ताप. पिशवीतून अँटिबायोटिक सुरू झालं, तरी पाणी निवळेना आणि कल्चर, म्हणजे पाण्यातले जंतू लॅबमध्ये प्लेटवर वाढवून बघायची तपासणी, कोरंच.

पाण्यात पांढऱ्या पेशी एवढ्या, मग जंतू कुठे गेला, हा प्रश्न तुम्ही सोडला नाहीत. प्लेट टाकून न देता आणखी काही दिवस ठेवायला लावलीत. उशिरा बारीक ठिपके उगवले. नेहमीच्या ग्रॅम स्टेनवर, म्हणजे जंतूंना रंग देऊन बघायच्या तपासणीत, हे जंतू कातडीवरचे साधे, निरुपद्रवी समजून सोडून दिले जाऊ शकतात. तुम्ही टीबीचा स्टेन केलात आणि लाल काड्या दिसल्या.

आपल्याकडे लाल काड्या म्हणजे टीबी, आणि टीबी म्हणजे ए.के.टी., टीबीच्या औषधांची ठरलेली ट्रीटमेंट. ती सुरू होण्याच्या बेतात असतानाच तुम्ही स्वतः डॉक्टरांना फोन केलात: टीबीचा जंतू उगवायला कित्येक आठवडे घेतो, हा आठवड्याच्या आत उगवलाय. निघाला मायकोबॅक्टेरियम फॉर्चुइटम. माती-पाण्यात राहणारा, नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात क्लोरिनलाही पुरून उरणारा, आणि ए.के.टी.च्या नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा. १९८२ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या एका डायलिसिस सेंटरमध्ये याच कुळातल्या जंतूंनी २७ पेशंटना गाठलं होतं; तिथे डायलायझर, म्हणजे रक्त गाळायची गाळणी, धुऊन पुन्हा वापरताना निर्जंतुकीकरण कमी पडलं होतं. हे नंतर वाचलं तेव्हा तुमच्या त्या फोनची किंमत जास्तच कळली.

पोटातली नळी काढावी लागली. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जंतूवर कुठलं औषध चालतं ते, बघून दोन औषधं जोडीनं, तीही काही महिने. त्यातल्या अ‍ॅमिकासिननं कानाला इजा होऊ शकते, म्हणून आईला कमी ऐकू येतंय का, हे विचारत राहायला तुम्हीच सांगितलंत. तिला नीट ऐकू येतं. आता ती हिमोडायलिसिसवर, म्हणजे मशीनवर रक्त गाळायच्या डायलिसिसवर आहे, त्यासाठी हातात रक्तवाहिन्या जोडून केलेला फिश्चुला छान चालतोय, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या शेजारच्या पेशंटला जेवणाचं पथ्य शिकवते.

कल्चर कोरं आणि पाणी गढूळ, असा पेशंट पुन्हा कुणाकडे आला, तर तिथेही प्लेट ठेवून देणारं कुणीतरी असो. आमच्या वेळी तुम्ही होतात. मनापासून आभार.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी