प्रिय बाय, तारीख तू बघितलीस

प्रिय बाय,

नाव लिहायचं नाही असं तू बजावलंयस, म्हणून नुसतं बाय. आभार मात्र जाहीर मानणार, त्याची परवानगी मी विचारलेली नाही.

बाबांची तीन नाटकं आमच्या जुन्या डेस्कटॉपवर आहेत. जत्रेत करायची म्हणून त्यांनी हौसेने टाइप करून घेतलेली, पण युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. विंडोज ७ वरच्या त्या प्रोग्रॅमशिवाय उघडली की अक्षरांची भेळ. म्हणून लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली तेव्हाही विंडोज शेजारी तसंच ठेवलं होतं. दसरा झाला, तालमी लागल्या आणि नेमकी विंडोजने मान टाकली. चालू करताना दोन्हींचा मेन्यू येतो, त्यात विंडोज निवडलं की लोगो येतो, निळं काहीतरी चमकतं, परत पहिल्यापासून. लिनक्स मात्र बिनतक्रार. फोंड्याच्या बाजारातल्या एकाने फोनवरच निदान केलं, "विंडोज गेलं, फॉरमॅट मारूया." मी हो म्हणून बसलो होतो.

फर्मागुडीहून कॉलेज सुटल्यावर तू आलीस आणि बसायच्या आधीच विचारलंस, "काका, ही तारीख अशी का?" कोपऱ्यात १ जानेवारी २००९. पंधरा दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर होती. चालू करताना 'एफ-१ दाबा' अशी ओळ यायची, तीही मी मुकाट दाबत होतो.

तू आधी लिनक्समधून नाटकांचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलंस. (हे मला सुचायला हवं होतं.) मग एफ-८ दाबून आपोआप रिस्टार्ट होणं बंद केलंस, तेव्हा कुठे ती निळी स्क्रीन थांबली. कोडच्या शेवटी ७बी. म्हणजे विंडोज गेलेलं नाही, त्याला स्वतःची डिस्क सापडत नाहीये. प्लग काढून कॅबिनेट उघडलंस. आत पालीची दोन अंडी आणि मदरबोर्डवर रुपयाएवढा सीआर २०३२ सेल. असायला हवेत ३ व्होल्ट, मीटर दाखवतोय १.९.

सेल मेला, बायोस (विंडोज-लिनक्सच्याही आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) सेटिंग्ज विसरलं. तारीख गेली आणि साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेला. विंडोज एकाच दाराची किल्ली घेऊन येतं, लिनक्सकडे सगळा जुडगा असतो, असं तू सोप्यावर चहा पिताना सांगितलंस. सेल इतका उतरला त्यात माझाही हात. गडगडायला लागलं की मी प्लगच काढून ठेवतो, आणि यंदा ऑक्टोबरभर गडगडलं. प्लग काढला की घड्याळाचा सगळा भार त्या सेलवर.

घड्याळवाल्याकडून नवा सेल, बायोसमध्ये मोड परत एएचसीआय, दहा मिनिटांत विंडोज उभं. विंडोज आणि लिनक्समधल्या घड्याळांचं साडेपाच तासांचं भांडणही तू जाता जाता मिटवलंस: एक स्थानिक वेळ धरतो, दुसरा ग्रीनिचची. मी इतकी वर्षं त्याला संगणकाचा स्वभाव समजत होतो.

दुसऱ्या अंकाच्या प्रती काल वाटल्या. पैसे तू घेतले नाहीस, आईने केलेलं तोरांचं (कोवळ्या कैऱ्यांचं) लोणचं बाटलीत भरून ठेवलंय. आणि तुझा छोटा स्क्रू-ड्रायव्हर इथेच राहिलाय, येशील तेव्हा ने.

तुझा,
शेजारचा काका