मुक्ता, पियानो एवढ्यात विकू नको

मुक्ता बाळा,

काल रात्री तू फोनवर म्हणलीस, "अप्पा, पियानो ओएलएक्सवर टाकायले," आणि मी नुसतं बरं म्हणून फोन आईकडे दिला. मला तेव्हा काही सुचलंच नाही. नंतर झोप लागली नाही, पहाटे उठून ओट्यावर बसलो, आई म्हणली बोलून घ्या पोरीशी, पण फोनवर मला मनातलं नीट सांगता येत नाही, लिहायला बसलो की येतं. म्हणून व्हॉट्सॲपवरच एवढं लांब लिहायलोय. पेपरच्या डेस्कवर असशील तर आता वाचू नको, रूमवर गेल्यावर वाच.

तू दमलीस गं, मला तरी एवढंच दिसतंय. संध्याकाळी पाचला डेस्कवर बसायचं, शहर आवृत्ती सुटेपर्यंत दीड वाजतो, मग डोकं शांत होत नाही म्हणून हेडफोन लावून तीनपर्यंत वाजवायचं, आणि सकाळी घरमालकीणबाईंच्या मिक्सरने जाग. त्यात शनिवारी रात्री नऊला तुझ्या ट्रिओचं, म्हणजे तुम्हा तिघांचं जॅझ वाजवणं, नेमकं पहिलं पान लागायच्या टायमाला, मग कुणाची तरी सुट्टी मागून घ्यायची आणि त्याचे दोन रविवार आपण भरायचे. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात चार आठवड्यांत १४४ तासांच्या वर काम घेऊ नये असं लिहिलेलं होतं, म्हणजे आठवड्याला छत्तीस तास, आणि नियमांत रात्रपाळी साडेपाच तासांची. तुझे मी काल बसून मोजले, एक्कावन्न होतात, जेवणाचा अर्धा अर्धा तास काढला तरी अठ्ठेचाळीस. एवढं दमल्यावर माणसाला जे हाताशी येईल ते टाकून द्यावं वाटतं, आणि नोकरी टाकता येत नाही म्हणून पियानोवर आलंय.

आता जे सांगणार आहे ते तुला अर्धंच माहीत आहे.

१९९३ साली २९ सप्टेंबरला गणपती विसर्जन होतं, लातुरात आमच्या भजनी मंडळाचा टेम्पो होता, मी त्यात पेटीवर. रात्री उशिरा घरी आलो, बोटं दुखत होती, पेटी तशीच दारात ठेवून झोपलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने घर हललं. सकाळी मोटरसायकल काढून किल्लारीला गेलो, कॅमेरा आणि वही घेऊन. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरून माळवद, सगळं माणसांच्या अंगावर आलेलं. जवळपास दहा हजार माणसं गेली त्यात. मी तेव्हा वार्ताहर म्हणजे मानधनावरचा, घर चालायचं ते फोटो स्टुडिओवर, पण पुढचे कितीतरी महिने मी स्टुडिओ बंद ठेवून तिकडेच होतो. आणि पेटी माळ्यावर टाकली. मला वाटलं असल्या दिवसात वाजवायचं कसलं, जरा सगळं स्थिरस्थावर होऊ दे, मग बघू. दोन वर्षांनी खाली काढली तर भात्याचं कापड उंदरांनी खाल्लेलं आणि आतल्या पितळी सूरपट्ट्यांवर हिरवट कळंक. कारागिराकडून दुरुस्त करून आणली, पेटी नवीन झाली, माझा हात काही परत आला नाही. तू मला कायम भजनात नुसती साथ करतानाच बघितलंस, त्याच्या आधी मी काय वाजवायचो ते तुझ्या आईला विचार.

पण मला खरं वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तिसऱ्या का चौथ्या महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारी बोलत होती, तिच्या दोन्ही सुना गेलेल्या. बोलता बोलता ती थांबली, आणि मी वहीवर पेन ठेवून लगेच विचारलं, सरकारी मदत मिळाली का. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पदर तोंडावर घेतला आणि उठून गेली. नंतर दोनदा गेलो, बोलली नाही. मुक्ता, ती संपली नव्हती गं, ती दम घ्यायला थांबली होती. पेटीवर साथ करणाऱ्याला हे आधी शिकावं लागतं, गाणारा कुठं दम घेतो, तिथं आपण सूर धरून ठेवायचा, जागा भरायची नाही. हे मला पंधराव्या वर्षापासून येत होतं आणि चार महिन्यांत माझ्या कानातून गेलं. तू मला ते कॉम्पिंग समजावून सांगितलंस ना, की सॅक्सोफोनवाला वाजवतो तेव्हा पियानोवाल्याने मागून थोडेच कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले दोनतीन सूर, द्यायचे, त्याला जागा सोडून, तेव्हा मला ही म्हातारी आठवली होती, मी बोललो नाही. तुझ्या पाणीटंचाईच्या बातमीत ती टँकरपाशी थांबलेली मुलगी जे बोलली ते तुला मिळालं कारण तू तिला बोलू दिलंस. ते तुला डेस्कवर कुणी शिकवलेलं नाही.

तू म्हणतेस की बातमीदारी आणि वाजवणं दोन्ही करणारे लोक दोन्हीकडे अर्धवट राहतात. मग बिली टेलरचं काय, तूच सांगितलं होतंस मला. एवढा मोठा अमेरिकन जॅझ पियानिस्ट, साठीच्या आसपास असताना १९८१ मध्ये तिकडच्या सीबीएस टीव्हीच्या रविवारच्या कार्यक्रमाचा बातमीदार झाला, अडीचशेच्या वर मुलाखती घेतल्या, संगीतकार क्विन्सी जोन्सवरच्या एका भागाला टीव्हीचं एमी बक्षीस मिळालं, आणि वाजवणं काही सोडलं नाही. आणि आपल्या मुंबईतलंच बघ, चिक चॉकलेट रात्री हॉटेलात ट्रम्पेट वाजवायचा आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातही असायचा, १९५१ चा अलबेला सिनेमा आठव. ते सगळे गोवेकर वादक असेच जगले, दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल. त्यांचे हाल झाले नसतील असं मी म्हणत नाही, पण अर्धवट कोण म्हणेल त्यांना.

एका गोष्टीत मात्र तुला जपायला लागेल, आणि ती वेळेपेक्षा अवघड आहे. तो लेनर्ड फेदर, तोही पियानो वाजवायचा आणि जॅझवर लिहायचा, नाव मोठं. पण गायिका डायना वॉशिंग्टनची १९४३ मधली पहिली रेकॉर्डिंग झाली त्यातली गाणी त्यानेच लिहिलेली. आता तिच्याबद्दल त्याने काही चांगलं लिहिलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? असेल तिचा आवाज खरंच मोठा, होताच, तरी शंका राहते ना. मी ही चूक केलेली आहे. वार्ताहराला जाहिरातीवर कमिशन असतं, मी एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षाची वाढदिवसाची पानभर जाहिरात घेतली, आणि महिन्याभरात त्याच संस्थेतल्या शिक्षकांच्या थकलेल्या पगाराची बातमी माझ्याकडे आली. मी ती चार ओळींत दिली, आतल्या पानावर. त्या शिक्षकांतला एक जण अजून बाजारात दिसला की मी रस्ता बदलतो. म्हणून सांगतो, ज्यांच्याबरोबर वाजवतेस त्यांच्यावर लिहायचं नाही, ज्या हॉटेलात वाजवतेस त्या हॉटेलची कसलीही बातमी आली तर संपादकांना आधी सांगून दुसऱ्याकडे द्यायची. संपादकांना पियानोचं एकदा नीट सांगून टाक, लपवून किती दिवस करणार, आणि सांगितलंस की मग सुट्टीचा वार शनिवार मागता येतो. बाकीच्यांना क्रिकेटसाठी मिळतो, तुला का मिळू नये. नाही म्हणाले तर ट्रिओला पंधरा दिवसांतून एकदाच ये म्हणावं, त्यांना चालेल, ते पण नोकऱ्या करतातच की.

आणि रात्री दोनला वाजवणं बंद कर बाई. दुपारी उठलीस की चहाच्या आधी चाळीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. एवढंच. त्यात एक गाणं नीट बसलं तरी पुष्कळ झालं.

पैशाचं कारण असेल तर ते सरळ सांग. भाड्याला कमी पडत असेल तर मी देतो, सोयाबीनचे आलेत, आईचंही तेच म्हणणं आहे. पियानो विकून जे येईल ते तीन महिन्यांत संपेल, आणि परत अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, तसल्या वजनदार पट्ट्यांचा घ्यायला तुला किती वर्षं लागली होती ते आठव.

शनिवारी लातूर एक्सप्रेसने मावशीचा संदीप येतोय, त्याच्याकडे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिलीय, सकाळी सीएसएमटीला जाऊन घे, धपाटे दोन दिवसांत संपव. पुढच्या महिन्यात मी आणि आई यायलोत, तुझ्या ट्रिओचं असेल त्या शनिवारचंच तिकीट काढतो, तारीख कळव.

अजून एक. ते तू वाजवतेस ना ब्लूजमध्ये, पांढरी एकचा सा धरला तर काळ्या पट्टीवरच्या कोमल गंधारावरून बोट घसरवत शुद्ध गंधारावर येतेस, दोन्ही क्षणभर एकत्र वाजतात आणि पेटीपियानोत नसलेला मधलाच सूर कानाला लागतो. मी ते इथं पेटीवर बसवायलोय आठ दिवसांपासून, बोट मधे अडकतंय. तू तर्जनीने करतेस का मधल्या बोटाने? हळू वाजवून तेवढी जागा रेकॉर्ड करून पाठव.

तुझे
अप्पा