शेजारच्या काकांना, जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

समोर काही बोलायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून फणसाच्या भावावर येता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. शिवाय आमच्या फाइल सर्व्हरची तुम्ही जी डागडुजी केलीत, ती घरात असा डबा पोसणाऱ्या आणखी कोणाच्या तरी कामी येईल.

आमचा डबा म्हणजे रास्पबेरी पाय 4 हा छोटासा संगणक आणि त्याला दोन यूएसबी हार्ड डिस्क; घरातल्या सगळ्यांच्या फाइली त्यावर. एकीवर भावाची लग्नाची शूटिंग आणि बाबांनी वर्षानुवर्षं जमवलेली दशावतारी नाटकांची रेकॉर्डिंग, दुसरीवर त्यांचा बॅकअप. कुडाळचा पाऊस सुरू झाला की वीज जाणारच. वीज परत यायची, पण सर्व्हर काही उठायचा नाही. टीव्हीला जोडून बघावं तर इमर्जन्सी मोड, म्हणजे मशीन अर्ध्यातच थांबलेलं. डिस्क गेली, असं घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. तुम्ही म्हणालात, "थांब गो, आधी लॉग काय म्हणता तां बघूया." (लॉग म्हणजे मशीनने स्वतःच ठेवलेल्या नोंदी.)

डिस्क ठणठणीत निघाली. पाय 4 च्या सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून 1.2 अँपिअर मिळतात. दोन्ही डिस्क एकदम फिरायला लागल्या की ते पुरत नाहीत आणि एखादी दिसतच नाही. तिची 90 सेकंद वाट बघून सिस्टिम-डी (मशीन सुरू करून देणारा प्रोग्राम) हात वर करायचा. तुम्ही वेगळा अडॅप्टर असलेला यूएसबी हब आणायला लावलात, एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे तिचा न बदलणारा ओळख क्रमांक, घातलात आणि पुढे 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नकोस) जोडलंत. आता डिस्क असो वा नसो, मशीन सुरू होतं.

दुसरा कोणी इथेच चहा पिऊन उठला असता. तुम्ही मात्र विचारलंत की मशीन डिस्कशिवाय सुरू झालं आणि रात्री बॅकअपची स्क्रिप्ट चालली, तर? आम्ही गप्प. मग तुम्हीच उलगडून सांगितलंत. मूळ डिस्क माउंट नसेल, म्हणजे सिस्टिमला जोडली गेली नसेल, तर तिच्या जागी नुसतं रिकामं फोल्डर राहतं. बॅकअपची नक्कल करणाऱ्या आरसिंकला '--डिलीट' (मूळ जागी नसेल ते बॅकअपमधूनही काढ) दिलेलं असल्यामुळे त्याला वाटणार की मालकाने सगळं काढून टाकलंय, आणि तो आज्ञाधारकपणे बॅकअपही साफ करणार. उलट बॅकअपची डिस्क माउंट नसेल तर सगळा माल पायची सिस्टिम ज्यावर आहे त्या एसडी कार्डावर ओतला जाणार आणि कार्ड भरून मशीन अडकणार. म्हणजे एक दुखणं बरं करताना दुसरं जन्माला आलेलं, आणि ते कळलं असतं ते बाबांची रेकॉर्डिंग गेल्यावर. स्क्रिप्टच्या डोक्यावर तुम्ही दोन्ही डिस्कसाठी 'माउंटपॉइंट'ची तपासणी घातलीत, म्हणजे डिस्क खरंच जोडलेली आहे का ते आधी बघायचं. डिस्क काढून खालच्या रिकाम्या फोल्डरांना 'चॅटर' या कमांडने असं कुलूप लावलंत की डिस्क नसताना तिथे रूटलासुद्धा (मशीनच्या सर्वाधिकारी खात्यालासुद्धा) काही लिहिता येऊ नये.

घरातल्या सगळ्यांना या फाइली नेटवर्कवरून उघडून देणाऱ्या सांबाचं काम त्यामानाने किरकोळ. भावाने टाकलेली फाइल वहिनीला उघडायची, पण बदलता येत नव्हती, आणि त्यावरून घरात रुसवेफुगवे. मूळचा क्रिएट मास्क (नव्या फाइलवर कोणाला काय करता येईल ते ठरवणारा आकडा) 0744, त्यात गटाला फक्त वाचायची मुभा. तो 0664 केलात, म्हणजे गटाला बदलायचीही मुभा, फोल्डरांना 2775, दोघांना एका गटात घातलंत, आणि घरात शांतता. (सांबा आणि आरसिंक या दोन्हींची सुरुवात करणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल होते, हे तुमच्याकडूनच कळलं. आमचं निम्मं घर त्या माणसाच्या जिवावर चाललंय!)

पण खरे आभार मानायचेत ते प्रत्येक ओळीच्या वर लिहिलेल्या कारणांचे. स्क्रिप्टा ढिगाने मिळतात. ही ओळ इथे का, हे कोणी लिहीत नाही. तुम्ही मराठीत लिहिलंत: "मूळ डिस्क माउंट नसेल तर इथेच थांबायचं. ही ओळ काढली तर बॅकअप पुसला जाईल. घाईत असलात तरी काढू नका." तुम्ही मुलाकडे पुण्याला गेला होतात तेव्हा भावाने मोठी डिस्क आणली. यूयूआयडी कुठे बदलायचा, कुलूप का आहे, आधी कोणती कमांड चालवून बघायची, सगळं त्याने त्या ओळींतूनच वाचलं. तुम्हाला फोन करावा लागला नाही, हे तुम्हाला आजच कळतंय.

एका बाबतीत मात्र तुमच्यावर नाराजी आहे. बाहेरगावाहून फाइली बघता याव्यात म्हणून भावाला राउटरवर 445 पोर्ट, म्हणजे सांबाचं दार, थेट इंटरनेटला उघडायचा होता, त्यावर तुम्ही त्याला जे फैलावर घेतलंत ते जरा जास्तच झालं. 2017 चं वॉनाक्राय (याच दारातून पसरलेला, फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्राम) त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच. वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) लावून दिलंत म्हणून तो विसरला.

यूपीएस आणून ठेवलाय. बॅटरी संपत आली की पायने स्वतःहून नीट बंद व्हायचं, ते काम तेवढं राहिलंय. सवडीने या. आणि पैशांचा विषय तुम्ही काढू देत नाही, तेव्हा जेवायलाच या. बांगडे मिळाले की कळवते.

तुमची,
शेजारच्या घरातली